बंद पडलेली गाडी दाखवा

गाडी घ्यायची असं घरात ठरलं, त्या दिवशी मी हेत्वीच्या चित्रकलेच्या वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं आणि मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, जुनी कंपनी. उजवीकडे, नवी कंपनी. दोन्ही गाड्या बॅटरीवरच्या. जुनी कंपनी म्हणजे जिच्या जीपा आणि टेम्पो आमच्या धानोऱ्यात माझे सासरे लहान होते तेव्हापासून धावताहेत. आता तिनेही विजेवरची गाडी काढलेली. नवी कंपनी जेमतेम पाच-सहा वर्षांची. तिने डिझेलची गाडी कधी बनवलीच नाही.

माझा नवरा नवनीत मागून डोकावून म्हणाला, "लोक गाडी पसंत करायला जातात. तू तिची तोंडी परीक्षा घेणार दिसतेस."

"घेणारच."

त्याने पुढे चेष्टा केली नाही. कारण त्यालाही माहीत होतं.

हेत्वी आमची मुलगी, साडेचार वर्षांची. तिला दमा आहे असं डॉक्टर अजून ठामपणे म्हणत नाहीत. वाढेल तसं कमी होईल, म्हणतात. पण नंदुरबारच्या आजूबाजूला मिरच्यांच्या पथाऱ्या पडल्या, वाळत घातलेल्या मिरच्यांनी माळ लाल झाले, की तिच्या छातीत बारीक शीळ वाजायला लागते. लोक त्या लाल माळाचे फोटो काढतात. मी तो दिसला की मुलीच्या पाठीवर हात ठेवते, शीळ आहे का बघायला.

गेल्या जानेवारीत एका दुपारी तिला धाप लागली. मी वाफेचं मशीन लावलं, तोंडावर मास्क धरला, आणि तीन-चार मिनिटांत मशीन थांबलं. सकाळपासून लाइट नव्हती, आणि इन्व्हर्टर मीच संपवलेला; तिलाच कार्टून दाखवण्यात. औषध अर्धं तसंच आत राहिलेलं. शेजारच्यांची जीप मिळाली. तिच्यात सीटखालून डिझेलचा धूर यायचा. नंदुरबारच्या दवाखान्यापर्यंत मी तिला खिडकीशी धरलं की बाहेरून मिरचीचा खकाणा, आत घेतलं की धूर. वीस-पंचवीस मिनिटं. दवाखान्यात ती तासाभरात सावरली आणि भिंतीवरच्या पोपटाचं नाव काय, ते नर्सला विचारायला लागली. मी मात्र अजून त्या जीपमध्येच आहे, असं कधीकधी वाटतं.

त्यानंतर सेलवरचं छोटं मशीनही आणलं. त्यात मोठ्या मशीनसारखी वाफ येत नाही; धाप लागली की ते पुरत नाही. म्हणून वहीतली पहिली ओळ 'एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर' ही नव्हती. पहिली ओळ होती, 'लाइट नसताना हिचं मशीन चालेल का.' या नव्या गाड्यांपैकी काहींना मागे सॉकेट असतं. गाडीच्या बॅटरीतून घरातलं यंत्र चालवता येतं. हे वाचलं आणि मी गाडीचा विषय घरात काढला.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या जानेवारीत दवाखान्यातून परत आल्यावर, अंगणात मिरच्यांची पोती बघून, मी सासूबाईंना म्हटलं होतं, "तुमची मिरची घरात आणायची तरी कशाला?" सासूबाई म्हणजे कमलबाई, सगळं घर त्यांना जिजी म्हणतं. आमची तीन एकर मिरची त्यांच्याच हाताखाली पिकते. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण यंदाच्या मोसमात माझ्या लक्षात यायला लागलं, की शेतातून आल्यावर हेत्वी त्यांच्याकडे धावली की त्या हात वर करतात, म्हणतात, "मांगे सरक, बेटा," आणि सरळ परसात निघून जातात. नात आजीशिवाय दारात उभी. मी मनात म्हणायचे, ठेवलं मनात त्यांनी. माझ्यावरचा राग लेकरावर काढताहेत. बोलून दाखवायची हिंमत नव्हती, कारण सुरुवात माझीच.

तर गाड्या.

सासरे म्हणजे भिला आबा. ते म्हणाले, वही लिहा, काही हरकत नाही, पण गाडी मी माझ्या पद्धतीने बघणार. आबा जन्मभर विहिरीवरच्या मोटारी घेत आलेले. आमच्याकडे मोटार घेताना चालू मोटार बघायची नसते. ती दुकानदार दाखवतोच. ज्याची जळाली त्याच्या मळ्यात जायचं, बाजेवर टेकायचं, चहा घ्यायचा आणि विचारायचं: जळाल्यावर कोण आलं, कितव्या दिवशी आलं, तोवर पिकाचं काय झालं. मग ठरवायचं.

जुन्या कंपनीच्या शोरूममधून जालमसिंग आले होते. पन्नाशीचे, भारदस्त मिशा, बोलणं गोड. त्यांनी गाडीचे गुण सांगून झाल्यावर आबा म्हणाले, "चालू गाडी कोनी बी दखाडी. माले बंद पडेल दखाड. ज्यानी बंद पडनी, त्याना घरले लई चाल."

"आबा, आमनी गाडी बंद पडतच नही."

"जी कधी पडनीच नही, ती उठस कशी, हाई माले कसं समजी?"

जालमसिंग मिशीत हसले. "आबा, तुम्ही गाडी लेवाले उनात का पोर देवाले?"

बंद पडलेली काही त्यांनी दाखवली नाही. पण ते आम्हाला वर्कशॉपला घेऊन गेले. तिथे फळ्यांवर सुटे भाग नीट चिठ्ठ्या लावून ठेवलेले, दोन मेकॅनिक, त्यातला एक आमच्याच गावचा. आबांनी एकेका फळीवरून हात फिरवला. त्यांना आवडलं, हे मला कळलं. मलाही ती गाडी आवडली. मागचं दार मोठं उघडतं. मुलगी कडेवर असताना वाकावं लागत नाही. बाहेरची हवा बंद करायला एक खरंखुरं बटण आहे, न बघता हाताला सापडणारं. मी डावीकडच्या रकान्यात बरोबरच्या चार खुणा केल्या.

"आणि सॉकेट?" मी विचारलं.

"त्याचं मॉडेल होळीनंतर, वहिनी. बुकिंग करून ठेवा."

होळीपर्यंत पथाऱ्या उचललेल्या असतात. मला गाडी हवी होती ती त्याच्या आधीच्या महिन्यांसाठी. मी ती ओळ कोरी ठेवली.

नव्या कंपनीचं आमच्याकडे शोरूम नाही. एक माणूस आहे, नमन. पंचवीस-सव्वीसचा असेल. त्याचे आजोबा इंदरमल शेठ यांचं बाजारात मोटारी-पाइपांचं दुकान. आबांच्या तीन मोटारी तिथल्याच. त्याच्या गाडीला सॉकेट होतं, आणि एका चार्जिंगमध्ये ती सुरतला जाऊन परत येईल इतकी बॅटरी. आबांनी त्यालाही तेच विचारलं. नमनने कान खाजवला. जमिनीकडे बघितलं.

"आहे एक," तो म्हणाला. "खांडबाऱ्याला. भटू सर म्हणून शिक्षक आहेत. अकरा दिवस उभी होती."

"अकरा," आबा म्हणाले.

"हो, आबा. माझ्या आजोबांनी सांगितलंय, भिलाभाऊंना खोटं सांगू नको, ते मळ्यावर जाऊन बघून येतात. रविवारी चला, मीच नेतो."

मी उजव्या रकान्यात लिहिलं, 'खरं बोलला.' गाडीच्या गुणांत हे कुठे बसतं, माहीत नाही.

रविवारी नवनीतला कचेरीत बोलावलं होतं. नमन सकाळी गाडी घेऊन आला. आबा पुढे बसले. मी मागे हेत्वीचा पट्टा लावत होते, तेवढ्यात जिजी पदर सारखा करत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मी बी येस."

मला आश्चर्य वाटलं. गाडीच्या बाबतीत त्या आजवर एक शब्द बोलल्या नव्हत्या.

त्या मागे माझ्या पलीकडे, दुसऱ्या खिडकीशी बसल्या. मध्ये हेत्वी. आणि त्यांच्या आणि हेत्वीच्या मध्ये त्यांनी आपली पिशवी ठेवली, कुंपण घातल्यासारखी. मी ते पाहिलं. हेत्वीने पिशवीवरून हात पुढे केला, तर त्यांनी नुसतं बोट हलवलं, टाटा करतात तसं. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

गाडी निघाली तेव्हा आवाजच नव्हता. हेत्वी म्हणाली, "आई, गाडी झोपली का?" नमनला हसू आलं. पाच-सात मिनिटं अशी बरी गेली. मग ती एकदा खोकली.

एकदा खोकणं म्हणजे काही नाही. मी मोजते. दुसऱ्यांदा खोकली. लांबवर रस्त्याच्या कडेला पथारी दिसायला लागली होती.

"नमनभाऊ, बाहेरची हवा बंद करा."

त्याने समोरच्या पडद्यावर बोट टेकवलं, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. बटण नाहीच. मी मनात नोंद केली, तीन बोटं लागतात. काचा वर होत्याच; आता हवाही बंद झाली. पथारी आली, लाल, दोन्ही बाजूंनी, बायका बसून देठ खुडताहेत. मला वाटलं, आता आपण डबीत आहोत. पण खोकला थांबेना. उलट माझ्याही घशात खवखवायला लागलं. जिजींनी नाकाला पदर लावला.

"आत येतोय खकाणा," मी म्हटलं. "गळते तुमची गाडी."

"भाभी, सगळं बंद आहे, बघा ना."

"मग हे काय आहे?"

पथारी मागे पडली. मोकळी शेतं आली, गहू, हरभरा. तरी हेत्वी खोकतच होती, आणि आता खोकल्याच्या मध्ये ती शीळ. आबा मान वळवून वळवून बघत होते. जिजींचे ओठ हलत होते. बहुतेक कानबाई देवीचं नाव घेत असाव्यात. मी वहीत लिहिणार होते, हवा आत येते, गाडी नको. पण हात मोकळा नव्हता.

भटू सरांचं घर स्टेशनकडच्या बाजूला आहे. गाडी थांबताच मी हेत्वीला उचलून अंगणात गेले. सरांच्या पत्नी, ममताताई, दारात आल्या. मी नमस्कार वगैरे काही न करता म्हटलं, "ताई, बटण कुठे आहे? मशीन लावायचंय."

"अगं माय," त्या म्हणाल्या. "लाइट तर आठ वाजेपासून नाही."

माझ्या हातात मशीन, त्याची वायर खाली लोंबतेय, आणि पिन कुठे लावायची ते ठिकाण नाही. जानेवारीत मी अशीच उभी होते.

"भाभी, इकडे," नमन म्हणाला आणि त्याने गाडीची डिकी उघडली.

उघडताच तो मागे झाला आणि लागोपाठ चार शिंका दिल्या. मग आबा शिंकले. मग मला तो वास आला. आमचा, घरचा, ओळखीचा. डिकीत सॉकेटच्या शेजारी फडक्याची एक पोटली होती. सकाळी कुटून आणलेली नवी लाल मिरची, किलोभर. उन्हाने आणि धक्क्यांनी फडक्याच्या विणीतून लाल पूड डिकीभर सांडलेली.

कुणी काही विचारायच्या आधी मला कळलं. आमच्याकडे मोसमात कुणाच्या घरी जायचं तर नवी मिरची घेऊन जातात. रिकाम्या हाताने जात नाहीत. जिजींनी ती नमनच्या हातात दिली, त्याने मागे ठेवली, मी तेव्हा पट्टा लावत होते. गाडी गळत नव्हती. मिरची आमच्याबरोबर आत होती, आणि बाहेरची हवा मी बंद करायला लावली होती.

नमनने पोटली दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून, शिंकत शिंकत, पार कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवली. ओल्या कपड्याने डिकी पुसली. मग पिन लावली. मशीन घुरघुरायला लागलं.

मी बाजेवर बसले, हेत्वी मांडीवर, मास्क तिच्या तोंडावर. गाडीपासून बाजेपर्यंत वायर ताणलेली. मास्कच्या कडेने पांढरी वाफ निघत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शीळ ऐकत राहिले. दोन मिनिटं. चार मिनिटं. जानेवारीत इथपर्यंतच आलो होतो. मशीन चालूच राहिलं. पाच. शीळ बारीक झाली. हेत्वी डोळ्यांनी इकडेतिकडे बघायला लागली, आणि तिचा शोध फाटकाशी थांबला.

फाटकाशी, उन्हात, जिजी उभ्या होत्या. एकट्या. हेत्वीने हाताने बोलावलं.

"जिजी, या ना," मी म्हटलं.

"नको." त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले. "मन्हा हातले मिरची शे. पोटली मीच बांधी. पातळले बी लागेल व्हई."

"मग काय झालं?"

"काय व्हई? दखी ऱ्हायनी ना तू, काय व्हयनं ते." त्यांचा आवाज फाटला. मग त्या दुसरीकडे बघत बोलायला लागल्या, जशा भिंतीशी बोलताहेत. "रोज वावरमातून येस. पहिले आंग धोस, डोकं धोस, पातळ बदलस. तवय तिले लेस. तवलोंग पोर जपी जास. आज म्हनं, रविवार शे, वावरमा जानं नही, तिनासंगे गाडीमा बठसू. आन् आजच मी पोटली बांधी."

सगळं बघते म्हणणारी मी. परसात जाऊन त्या रोज काय करतात, ते मी एकदाही बघितलं नव्हतं. आंघोळीचं पाणी दोनदा का तापतं, असं एकदा मनात आलं होतं, आणि लाकडं जास्त लागतात एवढंच मी नवनीतला म्हटलं होतं. दुपारी त्या परसातून येईपर्यंत हेत्वी झोपलेली असते. त्या मग तिच्या पायाशी बसतात, ओल्या केसांनी. ते मी पाहिलं होतं. मला वाटायचं, जागेपणी घेत नाहीत.

"हवा मी बंद करायला लावली, जिजी," मी म्हटलं. "खिडकी उघडी असती तर एवढं झालंच नसतं. माझ्यामुळे ती त्यात कोंडली."

"तू कसाले म्हनी ऱ्हायनी? मिरची मी ठेवी."

"पण कोंडली मी."

बाजेच्या दुसऱ्या टोकावर बसलेले आबा म्हणाले, "अर्धी-अर्धी चूक वाटी ल्या दोन्ही जनी. आन् आते चुप बठा, पोरले वाफ लेऊ द्या."

ममताताईंनी जिजींचं मनगट धरलं आणि त्यांना मोरीकडे नेलं. आधी हाताला तेल चोळायचा आवाज आला, मग साबणाचा, मग पाणी. आमच्याकडच्या बायकांना मिरचीचे हात कसे धुतात ते सांगावं लागत नाही.

तेवढ्यात भटू सर चहा घेऊन आले. सडपातळ, चष्मा, शाळेत विज्ञान शिकवणारे. आबांनी बशीत चहा ओतला आणि मूळ कामाला हात घातला.

"सर, तुम्हनी गाडी बंद पडनी म्हनतस."

"पडली ना. दिवाळीनंतर. सकाळी शाळेत निघालो तर चाकंच अडकलेली. गिअरचा कुठलासा भाग. हा नमन त्याच दिवशी आला, पण त्याच्याकडे काय, स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा नव्हता."

"होता," नमन म्हणाला. "लहान होता."

"सुरतहून माणूस आला पाचव्या दिवशी. भाग आला दहाव्या दिवशी. अकराव्या दिवशी गाडी हलली. तोवर मी मोटरसायकलवर."

आबांनी चहाचा घोट घेतला. मला त्यांचा चेहरा वाचता येतो. जुन्या कंपनीच्या फळ्या त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या, चिठ्ठ्या लावलेल्या.

ममताताई मोरीतून हात पुसत बाहेर आल्या. "सर एवढंच सांगतील," त्या म्हणाल्या. "हे नाही सांगणार की त्या अकरा दिवसांत माझा फ्रीज याच गाडीवर चालला. लाइट गेली की मी वायर काढायची अन् लावायची. यांची गाडी अंगणात बसून माझं दूध सांभाळत होती."

मी मान वर केली. "म्हणजे गाडी हलत नव्हती, तरी?"

"चाकं अडकली होती," सर म्हणाले. "बॅटरी चांगली होती. सॉकेट एक दिवसही बंद नव्हतं."

"तरी?" मी पुन्हा विचारलं. मला दोनदा ऐकायचं होतं.

"तरी."

आबांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बठेल बैल बी शेण त देसच."

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. हेत्वीही मास्कच्या आत हसली, शेण हा शब्द ऐकून.

नमन मात्र हसला नाही. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "भाभी, एक सांगतो. अकरा दिवस म्हणजे अकरा दिवस. तुमच्याकडे लहान मुलगी आहे. मला विकायची आहे, पण उद्या तुम्ही म्हणाल, सांगितलं नाही. धुळ्याला वर्कशॉप होणार म्हणतात, झालेलं नाही."

मी विचार केला. जीप उसनी मिळते. जानेवारीत मिळालीच होती, एका हाकेत. रस्त्यावरून हात केला तर खापर गावाकडे चाललेला ट्रकवालासुद्धा आजारी लेकराला घेतो. त्या दुपारी मिळाली नव्हती ती एकच गोष्ट, मशीनला वीज. ती या घडीला माझ्या शेजारी घुरघुरत होती.

घरातला पंखा अचानक फिरायला लागला. लाइट आली होती. नमन उठला, "आता आत लावू का मशीन?"

"ऱ्हाऊ दे तठेच," मोरीच्या दारातून आवाज आला. "आते कितलंसं ऱ्हायनं."

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. जिजींनी ममताताईंची साडी नेसली होती, धुतलेली, पोपटी, वर मोठमोठी पिवळी फुलं. जन्मात त्यांनी असला रंग नेसला नसेल. केस ओले. हात पुढे धरलेले, पाणी ठिबकतंय.

आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उनू तवय एक बाई संगे व्हती," ते म्हणाले. "जाई ऱ्हायनू तवय दुसरीच."

"चुप बठा," जिजी म्हणाल्या, आणि लाजल्या.

मशीनमधलं औषध संपलं. मी मास्क काढला, हेत्वीचं तोंड पुसलं, पाठीला कान लावला. शीळ नव्हती. मी कान तसाच ठेवला थोडा वेळ. मग तिला उचलून जिजींच्या हातात दिलं. त्यांनी आधी स्वतःच्या हातांचा वास घेतला, मग तिला घेतलं.

परतताना पिशवी आबांच्या पायाशी होती. हेत्वी पट्ट्यात, पण तिचं डोकं त्या पोपटी फुलांवर. काचा खाली होत्या. पथारी दिसायला लागली तशा मी वर करायला लावल्या, हवा बंद, पुन्हा तीन बोटं. मी नाक पुढे करून हुंगत राहिले. काही नाही. दोन्ही बाजूंनी लाल, मध्ये आम्ही, आणि आत ममताताईंच्या साबणाचा वास. कोणी खोकलं नाही. हेत्वी झोपली. जिजींनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, मग पुन्हा सारले, मागे असतानाही.

मिरचीची पोटली ममताताईंनी ठेवून घेतली. त्या म्हणाल्या होत्या, एवढी शिंकवणारी मिरची म्हणजे चांगलीच असणार.

घरी येऊन मी वही उघडली. खरं सांगायचं तर डावीकडे बरोबरच्या खुणा जास्त होत्या, आणि मी त्या खोडल्या नाहीत. दार, बटण, फळ्यांवरचे सुटे भाग, गावचा मेकॅनिक. उजवीकडे 'तीन बोटं' आणि 'अकरा दिवस' असंही लिहिलं. नवनीतने सगळं वाचलं. "मार्क तर याला जास्त आहेत," तो डावीकडे बोट ठेवून म्हणाला.

"आहेत."

"मग?"

मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. त्याने ती वाचली आणि वही मिटली.

जालमसिंगना फोन आबांनी स्वतः केला. असले निरोप दुसऱ्याकरवी द्यायचे नसतात, म्हणाले. पलीकडून मोठ्याने ऐकू येत होतं, "आबा, चालू गाडी सोडीसन बंद पडेल गाडी ली तुम्हीन?"

"व्हय," आबा म्हणाले. "तुन्ही एखादी पडनी म्हंजे माले बलाव. चहा लेवाले येसू."

गाडी दहा दिवसांनी आली. दारात रांगोळी, नारळ, चाकांना कुंकू. शेजारच्या भिकुबाई बघायला आल्या, तेव्हा जिजी पुढच्या बाजूला वाकून काळ्या दोऱ्याने लिंबू बांधत होत्या. बांधून झालं, त्यांनी गाठ ओढून बघितली.

"अवं कमलबाई," भिकुबाई म्हणाल्या, "मिरच्या कठे शेत? नुसतं लिंबू कोन बांधस? घरमा तीन एकरनी मिरची, आन् गाडीले सात मिरच्या जड व्हयन्यात?"

"आमनी गाडीले मिरची चालत नही," जिजी म्हणाल्या.

भिकुबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी लिंबाकडे.

जिजी परसात गेल्या. मी चुलीवरचं पाणी त्यांच्यासाठी आधीच तापवून ठेवलं होतं. थोड्या वेळाने त्या ओल्या केसांनी बाहेर आल्या आणि जाऊन मागच्या सीटवर बसल्या. हेत्वी तिथे सकाळपासूनच बसली होती. अजून जागी होती.